पुसा आणि विसरा

कागद कारखान्याच्या पत्रविभागात तिला सात वर्षं झाली होती, आणि तिथं सगळे तिला टपालबाई म्हणायचे. गिऱ्हाइकांची पत्रं उघडायची, वाचायची, वहीत नोंदवायची आणि छापील उत्तर पाकिटात घालून रवाना करायचं, हे तिचं काम. वहीत रकाने तीन: तक्रार, कौतुक आणि इतर. छापील उत्तरंही तीनच, आणि तिन्हींची सुरुवात 'आपल्या पत्राबद्दल आम्ही आभारी आहोत' अशीच. घरी आल्यावर ती नवऱ्याला सांगायची, "आमच्याकडे शिव्या द्या नाहीतर डोक्यावर घ्या, आभार ठरलेले."

नवरा त्याच कारखान्यात, वाळवणीच्या यंत्रावर. लढाईच्या काळात त्या यंत्रावर लाकडाच्या लगद्याचा एक प्रकारचा कापूस बनायचा. तो जखमांवर बांधायला जायचा, गाड्याच्या गाड्या भरून. लढाई संपली आणि मागणी एका आठवड्यात आटली. गोदामं छतापर्यंत भरलेली, यंत्रं नुसती उभी. तेव्हा वरच्या कुणाच्या तरी डोक्यातून निघालं, की हाच माल पातळ लाटून, त्याच्या घड्या घालून, फिक्या निळ्या खोक्यात भरून बायकांना विकायचा. रात्री तोंडाचं क्रीम पुसायला. एकदा वापरायचा आणि टाकून द्यायचा. जाहिरातीसाठी एका नटीला आरशासमोर बसवलं. तिचं ते चित्र मासिकांत आलं, भिंतींवर चिकटलं, सगळ्यांना ती नटी आवडली. पण खोकी काही दुकानांतून हलेनात. तोंडाला क्रीम चोपडणाऱ्या बायका असून असून किती असणार?

"आधी सैनिकांचं रक्त टिपायचो," नवरा म्हणायचा, "आता बायकांची लाली टिपतो. बढतीच झाली म्हणायची."

बोलण्यात तो असाच होता. अंगानं सडपातळ, मान जरा पुढं काढून चालायची सवय, आणि गंभीर चेहऱ्यानं विनोद करायची खोड. त्याच्या छातीचं दुखणं लग्नानंतर चारेक वर्षांनी सुरू झालं. खोकला आधी सकाळचा होता, मग सगळ्या वेळचा झाला. डॉक्टरांनी तपासलं, औषध दिलं, आणि त्याला बाहेर बसवून तिला आत बोलावलं.

"हे दुखणं जुनं होणार," ते म्हणाले. "असं सांभाळून राहिलं तर माणूस वर्षानुवर्षं जगतो. फक्त एक करा. त्यांचे रुमाल उकळून धुवायचे, आणि उकळायच्या आधी एकेक उघडून बघायचा. लाल दिसलं तर दुसऱ्या दिवसावर ढकलू नका. त्याच दिवशी घेऊन या."

तिनं जुन्या चादरी फाडून साठ रुमाल केले. एक दिवसाआड सकाळी मागच्या दारी बादली घ्यायची, एकेक रुमाल उजेडात धरायचा, मग पातेल्यात टाकायचा. रुमाल बघून तिला त्याचा आदला दिवस कळायचा. यंत्राजवळ जास्त उभा राहिला असेल तर कळायचं, बरं वाटत असेल तर तेही कळायचं. दोन वर्षांत तीनदा लाल दिसलं. तिन्ही वेळा तिनं त्याला हाताला धरून नेलं, आणि तिन्ही वेळा महिनाभराच्या औषधानं तो सावरला.

पण त्या कामाची तिला शिसारी होती. हे ती कुणाजवळ बोलली नाही. सोड्यानं हात फुटायचे, बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या, ते सोसवत होतं. उकळत्या पातेल्यातून जो वास उठायचा, तो मात्र जेवताना नाकात यायचा. एकदा ती तोंड फिरवून, नाकाला पदर लावून बादलीपाशी उभी होती आणि मागं वळली तर दारात नवरा. तो तसाच वळला. आत जाऊन बूट घालू लागला.

इकडे कचेरीत 'इतर'चा रकाना भरू लागला होता. आधी आठवड्याला दोन पत्रं, मग दहा, मग चाळीस. एक दिवस जाहिरातप्रमुख स्वतः जिना उतरून पत्रविभागात आले. मोठ्या डोक्याचे, घाईघाईनं बोलणारे गृहस्थ. नटीची कल्पना त्यांचीच, त्यामुळं अलीकडे जरा पडेल चेहऱ्यानं वावरत.

"बाई, 'इतर'मध्ये एवढं असतं काय?"

तिनं वरचं पत्र उचलून वाचून दाखवलं. एका शाळेतल्या बाईंचं होतं. 'माझे यजमान माझी खोकी पळवतात. त्यांना सर्दीचा त्रास आहे, क्रीमचा नाही. कृपया पुरुषांसाठी वेगळं खोकं काढावं, म्हणजे आमचा संसार टिकेल.'

जाहिरातप्रमुख हसले. "दुसरं?"

दुसरंही तेच. तिसऱ्यात लेकराचं शेंबडं नाक होतं, चौथ्यात म्हाताऱ्या सासऱ्यांचा कफ.

"पण नाक पुसायला लोकांकडे रुमाल आहेत की," ते म्हणाले.

"रुमाल आहेत, साहेब. ते धुतंय कोण, ते विचारा."

एवढ्यावर ती थांबलीही असती. पण सकाळचीच बादली डोळ्यांसमोर होती. ती बोलत गेली. दुसऱ्याच्या छातीतलं आपल्या हातानं चोळून काढायचं म्हणजे काय, हे करणाऱ्यालाच ठाऊक. माणूस आपलं असतं, माया असते, म्हणून काय वास येत नाही का? ते बोलताही येत नाही, कारण बोललं तर आजारी माणसाला लागतं. "हा कागद बरा. पुसा आणि विसरा. कुणाला बघायला नको, कुणाला धुवायला नको."

जाहिरातप्रमुखांनी खिशातून पेन्सिल काढली आणि हाताशी होतं त्या पाकिटावर तीन शब्द लिहून घेतले.

त्यांनी आधी दोन गावं निवडली. एकात जुनी नटी, दुसऱ्यात नवी जाहिरात. नव्या जाहिरातीच्या गावात तीन आठवड्यांत दुकानांतली खोकी संपली आणि दुकानदार तारा करू लागले. मग ती जाहिरात सगळीकडे गेली: एक गुबगुबीत पुरुष शिंकतोय, बायको हातात निळं खोकं धरून हसतेय, मागं धुण्याची बादली पालथी पडलीय, आणि वर ठसठशीत अक्षरांत 'पुसा आणि विसरा'. नटीचं चित्र भिंतींवरून खरवडून काढायला माणसं लावली.

टपालबाईला महिन्याला दहा खोकी घरी न्यायची परवानगी मिळाली. जाहिरातीचं एक मोठं चित्रही मिळालं. ते तिनं नवऱ्याला दाखवलं. त्यानं बराच वेळ निरखलं.

"हा माझ्यापेक्षा बरा शिंकतो," तो म्हणाला. "याला पगार किती देतात?"

आणि त्यानं स्वतः ते स्वयंपाकघराच्या भिंतीवर लावलं.

त्या दिवसापासून त्यानं रुमाल घेणं सोडलं. खुर्चीशेजारी खोकं, बिछान्याशेजारी खोकं. वापरलेले कागद तो एका पिशवीत गोळा करायचा आणि सकाळी, ती उठायच्या आत, शेगडीत घालून टाकायचा. पहिल्या दिवशी ती पिशवी घ्यायला गेली तर त्यानं हात मागं घेतला.

"तू हात लावायचा नाहीस. तुझंच वाक्य आहे ना? मी पुसतो, तू विसर."

"लाल दिसलं तर?"

"मला काय डोळे नाहीत? दिसलं तर सांगीन की."

तिनं विश्वास ठेवला. खरं सांगायचं तर विश्वास ठेवायला ती आतुर झाली होती. बादली मागच्या दारी पालथी पडली. साठ रुमालांतले निम्मे तिनं पुसण्यांत टाकले. महिन्याभरात हात भरून आले. बोटांना मलम लावायचं राहून गेलं आणि राहिलंय हेही लक्षात आलं नाही. थंडीचे दिवस होते, पण उन्हाची तिरीप असायची. सुट्टीच्या दिवशी दोघं नदीकडे फिरायला जात. तो हळू चालायचा. तिला वाटायचं, माझ्याशी बोलायला म्हणून हळू चालतोय. जेवण कमी झालं होतं, तर म्हणायचा, "तुझ्या वाक्यावर कंपनीचं पोट भरलं, माझंही भरलं." अधूनमधून ती विचारायची, "लाल काही?" तो सरळ तिच्याकडे बघून म्हणायचा, "छे."

थंडी सरत आली तेव्हा एका सकाळी तो कामावर निघाला. स्टुलावर बसून बुटाची नाडी बांधत होता. ती डबा भरत होती. तिला फक्त स्टूल सरकल्याचा आवाज आला. वळून बघितलं तर तो ओणवा झाला होता आणि एका हातानं खोकं चाचपडत होता. तिनं खोकं दिलं. एक कागद, दुसरा, पाचवा. कागद लगेच रक्तानं भिजून हातात विरत होते. तिनं खोकं फेकलं आणि बिछान्यावरची चादर ओढून आणली.

डॉक्टरांनी तपासलं आणि चष्मा काढून हातात धरला.

"चार महिने कुठं होतात तुम्ही?" त्यांनी तिला विचारलं. "हे आजचं नाही. मी सांगितलं होतं ना, रुमाल बघायचे?"

रुमाल नव्हते, हे सांगायला हवं होतं, पण जीभ उचलेना.

इस्पितळात त्याला खिडकीजवळची खाट मिळाली. प्रत्येक खाटेशेजारी लोखंडी कपाट आणि कपाटावर फिकं निळं खोकं. परिचारिका तरुण होती, कामसू. "याच्यामुळे आमचं किती सोपं झालंय म्हणून सांगू," ती उशी सारखी करत म्हणाली. टपालबाईनं खोकं कपाटाच्या कडेला सरकवलं.

ती गेल्यावर टपालबाई खाटेच्या कडेला बसली.

"कधीपासून?"

"खोकी आली, त्याच्या दुसऱ्या आठवड्यापासून."

"आणि मी विचारत होते तेव्हा?"

"तू विचारायचीस तेव्हा तुझा चेहरा बघत होतो." तो थांबून थांबून बोलत होता. "पहिल्यांदा सांगणारच होतो. त्या दिवशी तू पातेलं घासून फळीवर उपडं ठेवत होतीस आणि गुणगुणत होतीस. दोन वर्षांत मी तुला गुणगुणताना ऐकलं नव्हतं. म्हटलं, आठवडाभर जाऊ दे. मग आणखी एक आठवडा."

"मी काय मागितलं होतं का तुमच्याकडे ते?"

"नाही."

"मी धुतलं असतं. जन्मभर धुतलं असतं."

"माहीत आहे," तो म्हणाला. "म्हणून तर."

तिला त्याचा इतका राग आला, की ती उठून खिडकीशी जाऊन उभी राहिली. खाली इस्पितळाच्या आवारात कुणी तरी सायकलची हवा भरत होतं. तो तिच्या पाठीकडे बघत होता हे तिला कळत होतं. मग राग ओसरला आणि ती परत येऊन बसली, कारण किती दिवस हातात आहेत हे डॉक्टरांनी सांगितलं नसलं तरी त्यांच्या आवाजावरून तिला कळलं होतं.

नऊ दिवस मिळाले. त्या नऊ दिवसांत तिनं घरून उरलेले तीस रुमाल आणले आणि परिचारिकेला न विचारता त्याच्या उशाशी ठेवले. घरी नेऊन उकळायची, वाळवायची, परत आणायची. आता बघून काही उपयोग नव्हता, तरी एकेक उघडून बघायची. दहाव्या दिवशी दुपारी, भेटीची वेळ संपल्याची घंटा झाली तेव्हा ती जायला उठली, तर त्याचा हात तिच्या हातात नुसताच होता.

त्याची मोठी बहीण शेजारच्या गावाहून आली. तिला टपालबाई वन्सं म्हणायची. वन्सं विधवा, हाडापेरानं मोठ्या, बोलायला फटकळ. आठवड्यातून एकदा भावाला बघायला यायच्या, त्याच्याशी तासभर गप्पा मारून जायच्या. सगळं पार पडल्यावर, माणसं गेल्यावर, त्या स्वयंपाकघरात भिंतीवरच्या चित्रासमोर उभ्या राहिल्या.

"धुणं टळलं म्हणून खूश होतीस ना?" त्या म्हणाल्या. "चार महिने बाई सुखात होती. चार महिन्यांत एकदा पिशवी उघडून बघितली असतीस, तर माझा भाऊ आज असता."

वन्सं बोलल्या ते टपालबाईनं स्वतःला आधीच सांगून ठेवलं होतं, याच शब्दांत. वन्संनी चित्र भिंतीवरून ओढलं, चार तुकडे केले, आपली पिशवी उचलली आणि त्या निघून गेल्या.

महिन्यानं ती कामावर रुजू झाली. पोट कुणाला चुकलंय? जाहिरातप्रमुख घरी भेटून गेले होते. माणूस वाईट नव्हता, दारात टोपी हातात धरून अवघडून उभे राहिले होते. तिचा नवरा कशानं गेला एवढं त्यांना माहीत होतं. कसा गेला, ते तिनं सांगितलं नाही.

पत्रं आता पोत्यानं यायची. कौतुकाचा रकाना दोन दिवसांत पान संपवायचा. 'तुमच्या कागदानं माझं निम्मं धुणं वाचवलं.' 'तुमचं वाक्य माझ्या सासूबाईंनाही पाठ झालंय.' ती वाचायची, नोंदवायची, छापील आभार घालायची. असे सात-आठ महिने गेले.

मग एक पत्र आलं. वहीच्या पानावर, गोल अक्षरात. 'मी आणि माझे वडील दोघंच असतो. त्यांना खोकल्याचा जुना त्रास आहे. पूर्वी त्यांचे रुमाल धुताना मला रडू यायचं. तुमचा कागद आल्यापासून ते मला काही बघू देत नाहीत, स्वतःच जाळून टाकतात, आणि त्यांची प्रकृतीही सुधारली आहे असं ते म्हणतात. तुमचे उपकार कसे फेडू?'

टपालबाईनं पत्र बाजूला ठेवलं. दुसरी दहा पत्रं उरकली. मग तिनं कोरा कागद घेतला आणि स्वतःच्या हातानं लिहिलं: 'मुली, ते सुधारले आहेत असं ते म्हणतात, तू बघितलेलं नाहीस. उद्या सकाळी त्यांच्या आधी ऊठ आणि जाळायच्या आत पिशवी उघडून बघ. लाल दिसलं तर त्यांचं ऐकू नकोस, डॉक्टरांकडे घेऊन जा. ते रागावतील. रागावू देत.' खाली कंपनीचा शिक्का मारला नाही, पण कंपनीचंच पाकीट होतं, कारण तिच्याकडे दुसरं नव्हतं.

वहीत तिनं प्रामाणिकपणे नोंद केली: 'छापील उत्तर पाठवलं नाही.' महिनाअखेरीस ती नोंद वर गेली आणि जाहिरातप्रमुखांनी तिला बोलावून घेतलं.

"काय लिहिलंत?"

तिनं सांगितलं, एक शब्द न वगळता. मग, कधी नव्हे ते, मागचंही सांगितलं: पिशवी, शेगडी, चार महिने. ते ऐकत राहिले. त्यांनी टेबलावरचं निळं खोकं आधी जवळ ओढलं आणि मग, काय वाटलं कुणास ठाऊक, खणात ठेवून दिलं.

"बाई, मला वाईट वाटतं," ते म्हणाले. "पण कंपनीच्या पाकिटातून असं पत्र जाता कामा नये. उद्या त्या मुलीनं ते छापायला दिलं तर?"

"तर चार माणसं पिशवी उघडून बघतील, साहेब."

पुढच्या आठवड्यात तिची बदली बांधणी खात्यात झाली. तिथं पत्रं नव्हती. पट्ट्यावरून घड्या घातलेला कागद यायचा, तो खोक्यात बसवायचा, झाकण लावायचं. पगार तेवढाच होता. पत्रविभागातल्या जुन्या मैत्रिणीला तिनं सांगून ठेवलं होतं, की गोल अक्षरातलं, वहीच्या पानावरचं पत्र आलं तर मला दाखव. मैत्रीण जेवणाच्या सुट्टीत दुरूनच मान हलवायची. आज नाही. आजही नाही. ते पत्र कधीच आलं नाही. ती मुलगी रागावली, का घाबरली, का तिनं बघितलं आणि काही निघालंच नाही, हे टपालबाईला कळायचं राहिलं ते राहिलंच.

नवऱ्याला जाऊन दीड वर्ष झालं तेव्हा एका सुट्टीच्या दिवशी वन्सं दारात उभ्या राहिल्या. हातात मोठी पिशवी. आल्या त्या बसल्याच नाहीत. स्वयंपाकघरात गेल्या, भिंतीवर जिथं चित्र होतं तिथला उजळ चौकोन बघत राहिल्या.

"चहा टाकू का, वन्सं?"

"आधी ऐक. मग टाकायचा का नाही ते ठरव." त्यांचा नेहमीचा आवाज निघत नव्हता. "मला माहीत होतं."

"काय?"

"त्याच्या छातीतून लाल पडतंय ते. त्यानं मला सांगितलं होतं, दुसऱ्याच महिन्यात. शपथ घातली. म्हणाला, अक्का, तिचे हात बघ कसे भरून आलेत, या थंडीत तिला थोडं सुख मिळू दे, थंडी सरली की मी स्वतः डॉक्टरांकडे जातो. मी दर आठवड्याला यायचे, त्याच्यावर ओरडायचे, आणि त्याचं ऐकून परत जायचे. लहानपणापासून त्याचं ऐकायची सवय मला." त्या स्टुलावर बसल्या. "आणि तुला बोलले. तुला बोलले, कारण कुणाला तरी बोलल्याशिवाय मला उभं राहवत नव्हतं."

टपालबाई कट्ट्याला टेकून उभी होती. दीड वर्षं जे एकटीनं वाहिलं, त्यातला निम्मा भार समोरच्या बाईच्या खांद्यावर होता आणि तो तिनं लपवला होता. तोंडावर सांगावं, चालत्या व्हा, असं वाटलं. आणि त्याच वेळी डोळ्यांसमोर आलं, की दर आठवड्याला तासभर आत गप्पा चालायच्या त्या गप्पा नव्हत्याच. बहीण भावाला विनवत होती, आणि ती स्वतः इकडे भाजी चिरत, दोघं किती रंगलीत, असं म्हणत होती.

"मला का नाही सांगितलंत?" तिनं शेवटी विचारलं.

"शपथ होती."

"शपथ मोडली म्हणून माणूस मरत नाही, वन्सं."

"आता कळतं ते," वन्सं म्हणाल्या. "तू मला चार शब्द ऐकव. मी त्यासाठीच आलेय."

टपालबाई वळली, शेगडी पेटवली आणि पाणी ठेवलं. मागं वन्संचं रडू फुटलं. मोठं, बेसूर, एवढ्या धिप्पाड बाईच्या अंगातून येईल असं वाटू नये तसं. टपालबाई वळली नाही. पाणी तापेपर्यंत तिथंच उभी राहून तिनं ते ऐकलं. मग चहा गाळला, दोन कप घेतले, स्टुलाजवळ खाली जमिनीवर बसली आणि एक कप वन्संच्या हातात दिला.

चहा संपल्यावर वन्संनी विचारलं, "शेवटची गाडी कितीची असते?"

"साडेसहाची," टपालबाई म्हणाली. "पण आज राहा. मला त्यांचं लहानपण सांगा."